छत्तीस चौकोन

सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, उघडला की बहुतेकांची नजर पहिल्या पानावरच्या आकड्यावर, म्हणजे स्कोअरवर जाते आणि तिथेच अडकते. ७४२ दिसले तर हायसं वाटतं, ६१० दिसले तर पोटात गोळा येतो आणि पीडीएफ बंद होते. वाचण्यासारखं सगळं त्याच्या पुढच्या पानांवर असतं. तिथे प्रत्येक कर्जाखाली आणि प्रत्येक क्रेडिट कार्डाखाली छोट्या चौकोनांची एक पट्टी असते. चौकोनात महिना-वर्ष आणि तीन आकडे किंवा तीन अक्षरं, असे मागच्या छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन. ००० म्हणजे काही थकलेलं नव्हतं. ०३२ म्हणजे माहिती कळवली त्या दिवशी हप्ता बत्तीस दिवस थकलेला होता. काही ठिकाणी आकड्याऐवजी एसटीडी असतं, म्हणजे ‘स्टँडर्ड’, नव्वद दिवसांच्या आतलं खातं. एक्सएक्सएक्स दिसलं तर धसका घ्यायचं कारण नाही, त्या महिन्याची माहिती बँकेनं कळवलेलीच नाही, एवढंच.

या पट्टीत पगार नसतो. बचत खात्यातली शिल्लक, एफडी, एसआयपी, यूपीआयवरून रोज होणारे पंचवीस व्यवहार, यातलं काहीच नसतं. महिन्याला दोन लाख कमावणाऱ्याचा ००० आणि बावीस हजार कमावणाऱ्याचा ००० अगदी सारखाच दिसतो. मराठीत मात्र ‘पत’ हा शब्द अब्रूच्या इतका शेजारी बसलेला आहे की ‘पत गेली’ म्हटलं की चारचौघांत मान खाली गेल्यासारखं वाटतं. म्हणूनच स्कोअर कमी आलेली मुलं-मुली तो घरी सांगत नाहीत आणि दुरुस्तीचे पहिले सहा महिने लाजेतच जातात. खरं तर तारखांचा हिशोब आहे हा. नोकरी नुकती लागलेल्या वयात पैसा नसल्यामुळे तो जेवढा बिघडतो, त्याहून जास्त बिघडतो तो लक्ष दुसरीकडे असल्यामुळे.

या हिशोबाची वही, म्हणजे हा रिपोर्ट, आपण लिहीतही नाही. लिहितात बँका, फायनान्स कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था. ठेवतात चार कंपन्या: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल त्यातली सगळ्यात जुनी, २००० साली स्थापन झालेली, त्यामुळे स्कोअर कुणाचाही असो, बोलीत त्याला ‘सिबिल’च म्हणतात. या सगळ्यांना बांधणारा कायदा २००५ चा. कर्ज देणाऱ्याला चारही कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागते. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची, जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला. म्हणजे चूक लवकर दिसते आणि दुरुस्तीही लवकर दिसते. पतसंस्थेतून घेतलेलं कर्ज मात्र बहुतेक वेळा इथे उमटत नाही. वडिलांच्या ऑफिसातल्या सोसायटीचे हप्ते पंधरा वर्षं न चुकता गेले असतील, तरी या वहीत त्यांचं पान कोरंच असू शकतं.

कोरं पान हा तरुणांचा पहिला प्रश्न. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, पण ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही त्याच्यापुढे ३०० नसतं. तिथे एनएच किंवा -१ असं काहीतरी असतं, म्हणजे इतिहासच नाही. हा वाईट शेरा नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. पण फेटाळणं वेगळं आणि चांगला दर देणं वेगळं. तीस लाखांचं गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो, नऊ टक्क्यांनी घेतलं तर २६,९९२. महिन्याला साडेनऊशे रुपयांचा फरक विशीत किरकोळ वाटतो. २४० हप्त्यांत तो दोन लाख तीस हजारांच्या आसपास जातो. शिवाय बँकभरतीच्या जाहिरातींतली बारीक अक्षरं वाचली तर कर्ज किंवा कार्डाची थकबाकी असलेल्या उमेदवारांबद्दलची अट तिथेही सापडते.

‘माझ्या नावावर काहीच नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नावावर शैक्षणिक कर्ज असतं. सही अठराव्या वर्षी बाबांनी दाखवली तिथे केलेली असते आणि विषय डोक्यातून गेलेला असतो. पण कर्जदार म्हणून नाव विद्यार्थ्याचं आणि सहकर्जदार म्हणून पालकांचं, त्यामुळे ते दोघांच्याही रिपोर्टात दिसतं. फी दरवर्षी टप्प्याटप्प्यानं भरली गेली असेल तर काही बँकांच्या नोंदीत प्रत्येक टप्पा वेगळं खातं म्हणून उभा राहतो: एका कर्जाची चार खाती, चार पट्ट्या. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे काही महिने हप्ता नसतो. ती सवलत संपते तो महिना सगळ्यात नाजूक. मंजुरीपत्रात तारीख लिहिलेली असते, पण पत्र गावच्या कपाटात, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर कॉलेजच्या काळातला आणि मुलगी तिसऱ्याच शहरात. पहिला हप्ता चुकतो तो असा. शेवटच्या परीक्षेनंतर करायचं काम सोपं आहे: शाखेत जाऊन नंबर आणि पत्ता बदलून घ्यायचा, हप्ता सुरू होण्याची नेमकी तारीख आणि सवलतीच्या काळात साचलेलं व्याज लेखी घ्यायचं. ते व्याज जमलं तर आधीच भरून टाकावं, नाहीतर मुदलात मिसळतं आणि पुढे त्यावरही व्याज लागतं.

ज्यांच्याकडे शैक्षणिक कर्जही नाही, त्यांना सुरुवातीला एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड बरं. पगाराची स्लिप लागत नाही, नकार जवळजवळ नसतो. वीस हजारांची एफडी ठेवली तर तिच्या साधारण ८० ते ९० टक्के, म्हणजे सोळा-अठरा हजारांची मर्यादा मिळते. एफडी बँकेकडे तारण राहते, व्याज तिला नेहमीसारखं मिळत राहतं. रिपोर्टात हे कार्ड इतर कार्डांसारखंच महिन्याला एकेक चौकोन भरत जातं. त्यावर एखादाच ठरलेला खर्च टाकावा, मोबाइलचा रिचार्ज किंवा इंटरनेटचं बिल. साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो. एक गैरसमज इथे हमखास आढळतो: ‘बिल नाही भरलं तर एफडीतून घेतील, माझं काय जातंय?’ घेतात, पण शेवटी. तोपर्यंत ०३०, ०६० लिहून झालेलं असतं आणि एफडी मोडल्यानं ते पुसलं जात नाही.

कार्ड हाती आलं की ऑटोपे लावायचा. त्या फॉर्मवर दोन गोल असतात. एकापुढे ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि दुसऱ्यापुढे ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, म्हणजे बिलाचा किमान भरायचा हिस्सा. काही अॅपमध्ये दुसऱ्या गोलात आधीच खूण केलेली असते. हात घाईत असतो, ‘कन्फर्म’ दाबलं जातं.

मिनिममवाला ऑटोपे वाईट अशासाठी की तो दिसायला निर्दोष असतो. चौकोनात ००० येतं, स्कोअर ठीक राहतो, बँकेचा फोन येत नाही. समजा बिल वीस हजारांचं आहे आणि पाच टक्के, म्हणजे एक हजार रुपये कापले गेले. उरले एकोणीस हजार. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १२०. पुढचं बिल, नवीन काहीही घेतलेलं नसताना, १९,७८५. भरलेल्या हजारातले २१५ रुपये तेवढे मुदलाला लागले. प्रत्यक्षात आकडा याहून वाईट असतो, कारण बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही त्या महिन्यापासून बंद होते. काल घेतलेल्या दीडशेच्या वस्तूवरही आजपासून व्याज. वर्षभराचा दर मांडून पाहिला तर चाळिशीच्या पुढे जातो. एवढ्या दरानं सावकारानं पैसे दिले असते तर गावात बोभाटा झाला असता.

पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यांनाही एक गोष्ट कोड्यात टाकते. एक दिवसही उशीर नाही, तरी स्कोअर तीस-चाळीस अंकांनी खाली आलेला. कारण बहुधा बिलाच्या तारखेत सापडतं. कार्डाची मर्यादा चाळीस हजार, लॅपटॉप घेतला चौतीस हजारांचा. बिल १२ तारखेला बनतं, भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत. तुम्ही ३० तारखेला सगळे पैसे भरून निवांत झालात. पण मधल्या पंधरवड्याची माहिती गेली तेव्हा रिपोर्टात काय उमटलं? मर्यादा ४०,०००, बाकी ३४,०००, म्हणजे ८५ टक्के वापर. ते पैसे चुकते होणार आहेत, हे त्या नोंदीला ठाऊक नसतं. मर्यादेच्या काठावर जगणारा माणूस, एवढंच तिला दिसतं. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात. तो काही नियम नाही, धोपटमार्ग आहे. चाळीस हजारांच्या कार्डावर तो बारा हजार होतो. मोठी खरेदी झालीच तर बिल बनायच्या आधी, म्हणजे १० तारखेलाच पंचवीस हजार भरून टाकायचे. बिल येईल नऊ हजारांचं. बिलाआधी पैसे भरायला कुणाची ना नसते, अॅपमध्ये ‘अदर अमाउंट’ म्हणून जागा असते. आणि हे राहून गेलं तरी फार जीव जाळू नये. पुढच्या एक-दोन नोंदींत बाकी खाली आली की उतरलेले अंक बऱ्याच अंशी भरून निघतात. उशिराचा चौकोन असा भरून निघत नाही, तो छत्तीस महिने तिथेच बसतो.

उशिराच्या चौकोनांची सर्वांत मोठी खाण म्हणजे पहिली नोकरी सोडण्याचा महिना. नव्या कंपनीचं पगार खातं दुसऱ्या बँकेत. पगार तिकडे येऊ लागतो, जुन्या खात्याचं अॅप फोनच्या तिसऱ्या पानावर जातं. बाइकच्या कर्जाचा ‘नॅच’ मँडेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी, मात्र अजून जुन्या खात्यावर. पाच तारखेला तो तिथे जातो, शिल्लक १,१४० असते, हप्ता ३,८६०. परत जातो. बँक दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा दंड लावते आणि जुन्या खात्यातली ती हजार-अकराशेची शिल्लकही दंडात जाते. नवा मँडेट लावायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, कारण अर्ज, बँकेची मंजुरी आणि पुढच्या हप्त्याची आधीच तयार झालेली यादी यांचा आपापला वेग असतो. म्हणून नोकरी बदलताना जुन्या खात्यात दोन पूर्ण हप्ते आणि वर पाचशे-हजार ठेवून द्यावेत, आणि नव्या खात्यातून पहिला हप्ता कापला गेल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्याला हात लावू नये. ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी कापतील’ हा हिशोबही आता चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालू असतं.

हप्ता परत गेलाच तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. कर्ज देणाऱ्याच्या अॅपवरून किंवा शाखेत त्याच दिवशी हप्ता भरायचा आणि पावती ठेवायची. पुढची माहिती जाण्याआधी पैसे पोचले तर चौकोन वाचूही शकतो. कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं थोडी सूट ठेवली आहे: मुदतीनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच उशीर म्हणून कळवता येतं आणि दंड लावता येतो. चौथ्या दिवशी मात्र मोजणी मूळ तारखेपासून होते.

विसरलेलं कार्ड याच जातीचं. मॉलमधल्या टेबलाशी, कुणाचं तरी टार्गेट पूर्ण व्हावं म्हणून घेतलेलं, पहिलं वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षी ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५८९ रुपयांची वार्षिक फी लागते. कार्ड पाकिटातही नाही, बिल जुन्या ईमेलवर. तीन-चार महिन्यांनी विलंबशुल्कासकट दोन हजारांची थकबाकी आणि पट्टीत ०९०. असलं कार्ड नको असेल तर लेखी बंद करायला सांगावं. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणं बँकेला भाग आहे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फुकट असलेलं सगळ्यात जुनं कार्ड मात्र उगाच बंद करू नये. वहीतलं सर्वांत जुनं पान तेच असतं. वर्षातून दोन-चारदा वापरलं तरी जिवंत राहतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेला फोन आणि ‘नंतर पैसे द्या’ म्हणणारं अॅप, दोन्हींच्या मागे बहुतेकदा एखादी फायनान्स कंपनी कर्ज देत असते. पाच अॅपची पाच कर्जं, चारशे-आठशे रुपयांची, रिपोर्टात ओळीनं उभी असतात. रक्कम क्षुल्लक असली तरी चौकोन तेवढाच मोठा असतो.

मित्राला जामीन राहणं हा आपल्याकडचा जुनाच घोळ. जामीनदार म्हणून सही केली की ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात येतं, ‘गॅरंटर’ असा शेरा घेऊन. हप्ते तो चुकवणार आणि वही तुमची खराब होणार. भिडेखातर सही करायचीच झाली, तर त्या कर्जाचं अॅप किंवा स्टेटमेंट आपल्यालाही दिसेल अशी सोय आधी मागून घ्यावी. मित्र त्याला नाही म्हणाला तर सहीबद्दल पुन्हा विचार करायला वाव मिळतो.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर उतरत नाही. हे इतक्या वेळा सांगून झालं तरी लोक घाबरतातच. उतरतो तो कर्जासाठी अर्ज केल्यावर कर्ज देणाऱ्यानं रिपोर्ट मागवला तर. अशी प्रत्येक मागणी ‘एन्क्वायरी’ या भागात नाव, तारीख आणि रकमेसकट उमटते. एखाददुसऱ्या मागणीनं काही होत नाही. पण ‘सर्वांत स्वस्त कर्ज शोधा’ म्हणणाऱ्या साइटवर एक फॉर्म भरला आणि खाली संमतीच्या चौकटीत टिचकी मारली की तो पाच ठिकाणी जाऊ शकतो. एका आठवड्यात पाच मागण्या दिसल्या की सहावा देणारा सावध होतो. एकीकडून नकार आला तर दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे अर्ज करू नये. नकाराचं कारण आधी विचारावं, मग तीन-चार महिने थांबावं.

सगळं हाताबाहेर गेलेलं असताना वसुलीवाल्यांचा फोन येतो, ‘ऐंशी हजारांच्या जागी पस्तीस भरा, विषय संपवू.’ ऐकायला सुटकेसारखं वाटतं. पण त्यानंतर खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येतं. म्हणजे कर्ज देणाऱ्यानं उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं. चारही कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते, त्यामुळे पंचविशीतला हा शब्द तिशीतल्या गृहकर्जाच्या टेबलावर भेटतो. तडजोड करण्यावाचून गत्यंतर नसेल तर करावी, थकबाकी अनंतकाळ फुगवण्यापेक्षा ती बरी. नंतर हातात पैसे आल्यावर सोडलेली रक्कम भरून, ‘नो ड्यूज’ पत्र घेऊन तो शेरा बदलून मागता येतो. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नये. आधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून रक्कम, तारीख आणि नंतर लिहिला जाणारा शेरा, हे तिन्ही यायला हवं.

आणि कधी कधी चूक खरंच आपली नसते. पॅनचा एक अंक इकडचा तिकडे, सारखंच नाव, सारखीच जन्मतारीख, आणि कुणा दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज आपल्या पट्टीत. किंवा आपण फेडलेलं कर्ज अजून चालूच दिसतं. म्हणून चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक मोफत मिळणारा पूर्ण रिपोर्ट एकदम मागवू नये. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलै-ऑक्टोबरला उरलेले, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. संकेतस्थळावर पैसे भरून घ्यायचं बटण ठळक असतं आणि मोफतचा दुवा कोपऱ्यात, तो शोधावा लागतो. रिपोर्टात आधी नाव, पॅन, पत्ते आणि फोन नंबर वाचायचे, कारण दुसऱ्याचं कर्ज घुसलं असेल तर बहुधा त्याचा पत्ताही घुसलेला असतो. मग न ओळखीच्या एन्क्वायरी. मग एकेक पट्टी.

चूक सापडली की रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ नोंदवायचा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेलाही ईमेल करायचा, खातेक्रमांक, चुकीचा महिना आणि पावती जोडून. ‘माझा सिबिल दुरुस्त करा’ एवढंच लिहिलेली तक्रार फिरत राहते. ‘मार्च २०२५ च्या चौकोनात ०२६ आहे, ५ मार्चचा हप्ता त्याच दिवशी जमा झाल्याचं स्टेटमेंट सोबत आहे’ असं लिहिलेलीला उत्तर द्यावंच लागतं. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले एकवीस दिवस बँकेला सुधारित माहिती पाठवण्यासाठी असतात. तीस दिवस उलटले तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते, आणि तरीही कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चूक बँकेनं पाठवलेल्या माहितीत असेल तर सुधारणा चारही कंपन्यांकडे जायला हवी. कंपनीनेच दोन माणसं एकत्र केली असतील तर ती तेवढ्या एका रिपोर्टातच दुरुस्त होते. कोणत्या प्रकारची चूक होती, हे कळवलेल्या उत्तरात वाचायचं आणि पुढच्या तिमाहीत दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट उघडून तोच महिना, तोच चौकोन पुन्हा बघायचा.